निळी गाती

गाती म्हणजे काय, हे परवा मला सुनेला हातवारे करून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मी चिडले. सुनेवर नाही. ती बिचारी नागपूरची, तिला कुठून माहीत असणार. चिडले ते तिच्या मोबाइलवर आलेल्या नातीच्या शाळेच्या सूचनेवर. थंडी वाढल्यामुळे मुलांना स्वेटर घालून पाठवावे, स्वेटर नेव्ही ब्लू रंगाचाच असावा, इतर रंगाचे स्वेटर, जॅकेट अथवा शाल आढळल्यास काढून ठेवण्यात येईल. "काढून ठेवण्यात येईल म्हणे! लेकरांना कुडकुडत ठेवण्यात येईल असं सरळ लिहा ना, मेल्यांनो," मी म्हटलं. सून हसायला लागली. "आई, तुम्हाला एवढा राग कशाचा येतो?" आता काय सांगू तिला! केस पांढरे झाले, दात पडले, पण शाळा आणि निळा रंग एका वाक्यात आले की माझं डोकं अजून फिरतं.

तर गाती. जुन्या लुगड्याचं धडपं घ्यायचं, दुहेरी करायचं, पाठीवरून पुढं आणायचं, दोन टोकं छातीवर एकावर एक आडवी घालायची आणि मानेमागं नेऊन गाठ मारायची. झालं. छाती झाकली, पाठ झाकली, दोन्ही हात मोकळे. आमच्या चांदा जिल्ह्यातल्या मूल गावाकडच्या धानाच्या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत दहा घरं फिरलात तर दहाही घरांतली लेकरं गातीत दिसायची. माझी माय ही गाठ अशी करकचून मारायची की ती सोडवायला पुन्हा तिच्याकडंच जावं लागे. "सैल गातीत वारा घुसते, अन् वारा घुसला का दुखणं घुसते," हे तिचं रोजचं वाक्य. स्वेटर आमच्या घरी नव्हता. उपाशी कोणी नव्हतं, पण स्वेटर ही विकत घ्यायची वस्तू आहे हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मी एकदा बाबांना म्हटलं, चांद्याला तिबेटी बायका स्वेटर विकायला बसतात, आणू या का. बाबा म्हणाले, "धानाचं चुरणं होऊ दे, मंग पाहू." चुरणं म्हणजे मळणी. ती उरकेपर्यंत थंडी संपलेली असायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा धान आणि पुन्हा चुरणं.

त्या दिवसांतली पहाट मला आजही कानांनी आठवते. आधी मायच्या बांगड्या वाजत, मग चुलीत फुंकणीचा फुसफुसाट, मग लांबून मूलच्या राइस मिलचं भकभक इंजिन. अंगणात तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, शेकोटी पेटलेली असे आणि तिच्याभोवती बाबा, आमची दोन कुत्री आणि मी, सगळे सारख्याच मायेनं विस्तवाला चिकटलेले. खायला रात्रीचा भात गरम केलेला, त्यावर लाखोळीचं घट्ट वरण आणि जवसाची चटणी. कधी वालाच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या असत, त्या मी फ्रॉकच्या खिशात भरून घ्यायची. शेंगा खाण्याआधी हात शेकायला उपयोगी पडत. हल्ली डॉक्टर म्हणतो, सकाळी सकाळी भात खाऊ नका. मी त्याला म्हणते, बाबा रे, त्या भातावरच हे हाड उभं आहे.

शाळा मूलला, मुलींचे वर्ग सकाळच्या पाळीत, आणि आम्ही दोघी पायी जाणाऱ्या. दुसरी यमुना. शेजारच्या अंजनामावशीची मुलगी, माझ्याच वर्गात, मॅट्रिकला. वाटेत एका बाजूला मोठा तलाव आणि दुसऱ्या बाजूला झुडपी जंगल. जंगलात जनावर असायचं, त्याचं नाव कोणी घेत नसे, नुसतं जनावर म्हणत. म्हणून दोन्ही घरांची एकच अट होती: दोघी मिळून जायचं. एक नाही गेली तर दुसरीनंही घरी बसायचं. बाबांनी हे मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि त्यांनी एकदा बोललेलं काळ्या दगडावरची रेघ. थोडक्यात, माझी मॅट्रिक यमुनाच्या पायांवर चालत होती आणि तिची माझ्या. यमुना फार कमी बोलायची. तिच्या वाटणीचंही मीच बोलून टाकायची, आणि तिनं कधी तक्रार केली नाही.

त्या वर्षी शाळेला नव्या मोठ्या बाई आल्या. तिकडच्या, पुण्याकडच्या. उंच, गोऱ्या, पाठ ताठ, आवाज असा की शेवटच्या बाकावरचीही पाठ सरळ होई. शाळा त्यांनी सुधारली, हे कबूल केलं पाहिजे. मुतारीला दार आलं, मास्तर लोक वेळेवर यायला लागले. पण त्यांना गणवेशाचं भारी वेड. आणि पहिली थंडी पडली त्या सकाळी प्रार्थनेला आम्ही खेड्यांतल्या मुली आपापल्या गात्या बांधून उभ्या राहिलो, लाल, पिवळ्या, चौकड्याच्या, ठिगळाच्या, तेव्हा त्यांनी आमच्या रांगेवरून नजर फिरवली आणि विचारलं, "हे काय गुंडाळलंय अंगाला? बैलांना झूल घालतात तशा आलात! उतरवा त्या झुली."

मूल गावातल्या मुली फिसकन हसल्या. त्यांचे निळे स्वेटर त्यांच्या अंगावर होते. मी रांगेतून म्हटलं, "बाई, थंडी वाजते." त्या म्हणाल्या, "पळत येत जा. ऊब येईल." त्याच दिवशी फळ्यावर सूचना लागली: गणवेशावर निळ्या रंगाशिवाय दुसरे कोणतेही वस्त्र चालणार नाही. आता मला कळतं, बाईंच्या मनात वाईट नव्हतं. कोण कोणाच्या घरची हे कपड्यांवरून कळू नये, सगळ्या सारख्या दिसाव्यात, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत. पण झालं उलटंच. पूर्वी कोण शाल, कोण गाती, कोण बापाची बंडी घालून यायची, कोणी बघतही नसे. आता निळ्या स्वेटरवाल्या एकीकडं आणि काकडणाऱ्या एकीकडं, अशी शाळेची सरळ दोन गावं झाली.

फाटकाशी काटेरी कुंपण होतं. त्यावर आम्ही गात्या काढून टाकायच्या आणि घरी जाताना उचलायच्या. मधल्या वेळात त्या धुक्यानं ओल्या होत आणि एकदा तर बकरीनं एकीच्या गातीचा काठ चघळून टाकला. ती पोरगी रडत घरी गेली. आम्ही हसलो, पण मला मनातून संताप येत होता. वर्गाच्या खिडक्यांना झडपा नव्हत्या. तलावावरून येणारं वारं थेट पाठीवर. बोटं इतकी आखडत की बीजगणितातला एक्स काढताना दोन्ही रेघा कुठंच भेटत नसत.

यमुनाला खोकला लागला. आधी कोरडा, मग खोल, छातीतून येणारा. वाटेत ती थांबायची, गुडघ्यांवर हात ठेवायची आणि खोकून झालं की काही झालंच नाही अशी पुढं चालायला लागायची. एका सकाळी मी तिच्या दारात गेले तर दारात अंजनामावशी उभी. यमुना तिच्या मागं, चुलीजवळ, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली.

"सुमे, तू जाय," मावशी म्हणाली. "माह्या पोरीले मी नाई धाडत आता."

"काऊन, मावशी?"

"काऊन म्हंते! रातभर खोकून राह्यली ते ऐकू नाई येत का तुह्या घरी? एक लेकरू छातीच्या दुखण्यानं गेलं माह्यं. दुसरं त्या बाईच्या पायी घालवू? सर सलामत त पगडी पचास."

"पण मावशी, मॅट्रिकची परीक्षा..."

"परीक्षेले बसाले पोरगी जित्ती लागते."

यमुनाचा धाकटा भाऊ अशाच एका थंडीत गेला होता, मला तो दिवस आठवत होता. मी घरी आले. बाबांना म्हटलं, मी एकटी जाते, तलावाच्या बाजूनं जाते, हातात काठी घेऊन जाते. बाबांनी मान हलवली. "एकटीनं नाई." मी दप्तर कोपऱ्यात फेकलं, जेवणाच्या ताटावरून उठले, मायनं ओढून पुन्हा बसवलं. "अन्नावर राग नोको काढू. त्या बाईले नेमकं काय पाह्यजे, ते सांग मले."

"निळं पाह्यजे."

"काय निळं?"

मी फळ्यावरची सूचना तिला तोंडपाठ म्हणून दाखवली. निळ्या रंगाशिवाय दुसरे कोणतेही वस्त्र. मायनं ती दोनदा म्हणायला लावली आणि मग तिचा चेहरा उजळला. "त्यात स्वेटर कुठी हाये? वस्त्र म्हनलं ना? निळं वस्त्र. मंग निळी गाती काऊन नाई चालणार?" खरं सांगते, मी रोज ती सूचना वाचत होते, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

निळा रंग आणायचा कुठून? आमच्या घरी निळा रंग एकच, नीळ. पांढऱ्या कपड्यांना देतात ती. रविवारी दुपारी मायनं अंगणात मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढवला, पाणी उकळलं, नीळ टाकली. लुगड्याचे दोन तुकडे बुडवून वर काढले, तर आभाळासारखे फिक्कट. मी म्हटलं, "माय, एवढ्यानं नाई भागणार, बाईंचा निळा काळसर असते." मायनं दुकानातून आणखी पुड्या मागवल्या. तरी मन भरेना. तेव्हा तिला अशी युक्ती सुचली की ती आमच्या धानवाल्यांनाच सुचावी: रंग धरून राहावा म्हणून तिनं त्यात भाताची पेज ओतली. पेज घातलेलं धोतर कसं कडक राहतं, तसा रंगही कडक राहील, हा हिशेब. तुकडे तणसाच्या ढिगावर वाळत घातले. संध्याकाळी उचलले तर पापड! उभे केले तर उभे राहत होते. पण रंग? रंग असा गडद निळा की गावातल्या स्वेटरवालींनी तोंडात बोटं घालावी. आम्ही मायलेकी त्या पापडांकडं बघून हरखून गेलो.

एक गाती माझी, एक यमुनाची. मी तिची गाती घेऊन अंजनामावशीकडं गेले आणि उंबऱ्यातच बसले. म्हटलं, "एक दिवस धाडा. नाकापर्यंत बांधून नेतो. अंगावरून उतरू नाई देणार. घरी आलो का तुम्ही इच्यारा, मी खरं सांगीन." मावशी कितीतरी वेळ गाती उलटसुलट करून बघत होती. शेवटी म्हणाली, "एकच दिवस."

सकाळी मी यमुनाला माझ्या हातांनी बांधलं. पेजेनं ताठ झालेली गाती वळेना, तरी रेटून वळवली, वरचा पदर तोंडावरून घेतला, म्हणजे गार वारा छातीत जाणार नाही. अंधुक उजेड, तलावावरून धुकं असं की दोन पावलांपुढची यमुना दिसत नव्हती, नुसती तिच्या चपलांची फटफट ऐकू येत होती. आणि धुकं म्हणजे काय? पाणीच की! ते त्या पेजेत मुरलं. पेज विरघळली. पेजेबरोबर नीळ. आम्हा शहाण्यांना काही पत्ता नाही. मी तर वाटभर यमुनाला ऐकवत होते की आज बाईंना काय उत्तर द्यायचं.

शाळेत पोचलो तेव्हा उजाडलं होतं. प्रार्थनेच्या रांगेत शिरलो आणि आधी एक खिदळली, मग दुसरी, मग सगळं मैदान. मी यमुनाकडं पाहिलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! तिचं पांढरं पोलकं गळ्यापासून निळं, मान निळी, बोटं निळी, आणि तोंडावर पदर धरून श्वास घेत आली होती म्हणून ओठ तर गर्द निळे. माझंही तसंच असणार. तेवढ्यात यमुनाला खोकल्याची उबळ आली. ती वाकली, आणि वर बघितलं तेव्हा मोठ्या बाई व्हरांड्यातून तिच्याकडं बघत होत्या.

"अगं, ही निळी पडली!" असं ओरडून बाई धावल्या. ताठ पाठीच्या आमच्या बाई, पदर सावरायचंही सोडून मैदानातून पळत आल्या. यमुनाला खांद्याला धरून त्यांनी ऑफिसात नेलं, खुर्चीवर बसवलं, तिची ओली गाती ओढून फेकली आणि स्वतःच्या अंगावरची किरमिजी शाल तिच्याभोवती गुंडाळली. गुडघ्यांवर बसून तिचे हात चोळायला लागल्या. "चहा आणा! डॉक्टरांना बोलवा कोणीतरी!" मी मागोमाग शिरले होते. म्हटलं, "बाई, ती नीळ हाये." त्यांना ऐकू गेलं नाही. "बाई, थंडीनं नाई, कपड्याची नीळ हाये ती." तेव्हा त्यांनी आपले तळहात बघितले. दोन्ही निळे. साडीवर निळं, शालीवर निळे डाग.

मला वाटलं, आता दोघींची नावं शाळेतून कटणार, घरी बाबा, तिकडं मावशी, सगळं संपलं. पण बाईंनी यमुनाचे हात सोडले नव्हते. त्या हळूच म्हणाल्या, "रंग खोटा आहे. पण हात खरंच बर्फ आहेत गं हिचे."

आणि मला कुठून धीर आला देव जाणे, मी बोलत सुटले. म्हटलं, बाई, सूचनेत निळं वस्त्र लिहिलं आहे, आम्ही निळं वस्त्र घालून आलो. माझ्या मायनं अख्खी दुपार त्याच्यापायी घालवली. ही आज नीळ निघाली. उद्या ही खरंच निळी पडली तर? हिच्या मायनं एक दिवसाची परवानगी दिली आहे, एकच. आज ही थंडीत बसली तर उद्यापासून ही नाही आणि मीही नाही. आणि बाई, तुमची शाल तर किरमिजी आहे. ती काढायची का हिच्या अंगावरची?

शाल यमुनाच्या खांद्यावरून घसरत होती, बाई ती पुन्हा पुन्हा वर ओढत होत्या. मग मला विचारलं, "तुम्ही बांधता त्याला काय म्हणतात?"

"गाती."

"बांध बघू हिला."

मी शाल दुहेरी केली, पाठीवरून आणली, छातीवर आडवी घातली, मानेमागं गाठ मारली. शाल लोकरीची, मऊ, गाठ बसायला त्रास देत होती. बाईंनी वाकून गाठ बघितली, यमुनाचा हात वर करून बघितला. "हात मोकळे राहतात की," म्हणाल्या. मग उठल्या, निळ्या हातांनीच मैदानात गेल्या आणि आम्हाला आतून ऐकू आलं, "कुंपणावर ज्यांच्या गा... गात्या आहेत, त्यांनी त्या बांधून या. रंग कोणताही असो." मुली अशा धावल्या की कुंपणच मोडायला आलं. तसली गडबड मी नंतर कुठल्याही शाळेच्या गॅदरिंगला पाहिली नाही.

पण माझं काम व्हायचं होतं. दुपारी परतलो तेव्हा अंजनामावशी दारातच होती. लेकीच्या निळ्या मानेकडं बघितलं, किरमिजी शालीकडं बघितलं, आणि मला विचारलं, "खोकली?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी शब्द दिला होता. "खोकली."

"कुठी होती मंग?"

"हापिसात. बाईच्या शालीत. चहा पाजला तिले. शाळा सुटेपर्यंत शाल नाई काढू देली."

मावशीनं यमुनाला आत घेतलं आणि दार लावलं. हो नाही की नाही नाही. घरी मायनं विचारलं, मी म्हटलं, माहीत नाही. पहाटे उठले. मायनं माझी जुनी लाल गाती करकचून बांधली आणि मी यमुनाच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. दार बंद. राइस मिलचं इंजिन सुरू झालं. उशीर होत होता. बाबा अंगणातून माझ्याकडं बघत होते.

दार उघडलं ते मावशीनंच. पायात चपला, काखेत घडी घातलेली शाल, आणि मागं यमुना, मोठ्या जाड गातीत. "चाल," मावशी मला म्हणाली, "मले शाळा दाखव." तिघी चाललो. ती पुढं, आम्ही दोघी तिच्या मागं.

ऑफिसात तिनं शाल टेबलावर ठेवली. "तुमची शाल, बाई. धुतली, पण डाग काई निघाला नाई."

"राहू द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "बसा ना."

मावशी बसली नाही. "एकच लेकरू उरलं माह्याजवळ," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर धाडून राह्यली. मॅट्रिक होऊ द्या तिची. मंग घरी बसन, पोरगा पाहून देऊ."

"मी नाई बसत घरी, माय," यमुना म्हणाली.

आम्ही तिघींनी तिच्याकडं पाहिलं. तिचा आवाज खोकल्यानं बसलेला होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट होता. मावशी गर्रकन माझ्याकडं वळली.

"हे तू शिकवलं का वो इले?"

"नाई, मावशी," मी म्हटलं, आणि मी खरंच शिकवलं नव्हतं.